वाचकांचे प्रश्न : चुनखडीच्या पठारांवरचे ८० किलोमीटर

फ्रान्सच्या दक्षिणेला मियो नावाचे गाव आहे. तिथे १९९५ पासून ऑक्टोबर महिन्यात ‘टाँप्लिए’ हा ट्रेल, म्हणजे डोंगर-रानातल्या पायवाटांवरच्या, शर्यतींचा महोत्सव भरतो. मुख्य शर्यत सुमारे ८० किलोमीटरची असून एकूण चढाई साडेतीन हजार मीटरच्या आसपास असते. कमी-जास्त अंतराच्या इतर शर्यतीही असतात. वाट जाते चुनखडीच्या पठारांवरून, ज्यांना तिकडे ‘कॉस’ म्हणतात, आणि ही पठारे कापत गेलेल्या नद्यांच्या खोल घळींतून. या शर्यतीबद्दल नागपूरकरांची बरीच पत्रे आली. त्यातले निवडक प्रश्न पुढे घेतले आहेत.

सह्याद्रीत दोन-तीन डोंगरी शर्यती केल्या आहेत. काळ्या दगडावर कधी अडचण आली नाही. मग चुनखडीचा एवढा बाऊ कशाला? बूट वेगळे लागतात का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

तुमच्या घरामागच्या मोरीत किंवा अंगणात शहाबादी फरशी असेल, तर उत्तर पायाखालीच आहे. शहाबादी हा चुनखडीचाच दगड. कोरडी असली की तिच्यावर पाय घट्ट बसतो. वर थोडी माती आणि चार थेंब पाणी पडले की त्याच फरशीची घसरगुंडी होते. पॉलिश न केलेल्या तुकड्यावर लिंबू पिळून पाहा, बारीक फेस येईल. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि हेच काम फार सावकाश करत राहते. चुना विरघळून जातो, न विरघळणारी लालसर चिकणमाती मागे राहते. ती ओली झाली की बोटांना साबणासारखी लागते. त्यात हा दगड मऊ. चुनखडीतले कॅल्साइट मोहसच्या कठीणपणाच्या मापावर फक्त ३ वर आहे, त्यामुळे पायवाटेवरचे दगड येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बुटांनीच गुळगुळीत होतात. आपला काळा बेसाल्ट कठीण, खडबडीत आणि बऱ्याच ठिकाणी भोकाभोकांचा असतो, म्हणून ओला असतानाही तो बराच धरून ठेवतो. सह्याद्रीतला अनुभव इथे अर्धाच उपयोगी पडतो, तो असा.

तीन तऱ्हेची जमीन लागते. पठारावर गवत आणि सुट्या चपट्या दगडांची वाट असते. तिथे पळता येते, पण दगड पायाखाली हलतो. घळींच्या उतारांवर झाडी आहे आणि ऑक्टोबरात पानगळ सुरू झालेली असते. दगडावर ओली पाने, पानांखाली तीच चिकणमाती. घोटे मुरगळतात ते बहुतेक इथेच, कारण दगड कुठल्या बाजूला कललेला आहे ते दिसतच नाही. तिसरी जमीन डोलोमाइटची, म्हणजे चुनखडीच्याच भाऊबंद दगडाची. कॉस न्वार या पठारावर माँपेलिए-ल-व्यु नावाचे दगडी सुळक्यांचे एक जंगल आहे. तिथला दगड झिजून त्याची भरड वाळू होते. ती बुटात गेली की पुढच्या दोन तासांत टाचेला फोड ठरलेला. त्यासाठी कापडी गेटर, म्हणजे घोट्यावरून बुटाचे तोंड झाकणारे आवरण, वापरा. वजन नगण्य, फायदा मोठा.

बुटाच्या तळाचे दात ४ ते ५ मिलिमीटरचे हवेत. चिखलासाठीचे ६-७ मिलिमीटरचे दात दगडावर उलट वाईट, कारण दगडाला टेकणारे रबर कमी होते आणि दात वाकतात. रबर मऊ हवे, पुढच्या भागात दगड टोचू नये म्हणून पातळ प्लेट हवी, आणि बोटांपुढे कडक टोपी हवी, कारण चुनखडीच्या ताज्या तुटलेल्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि कापड फाडतात. माप अर्धा नंबर मोठे घ्या. लांब उतारावर पाऊल पुढे सरकते आणि अंगठ्याची नखे काळी पडतात. त्यावर दुसरा उपाय लेसचा. सर्वांत वरच्या जादा भोकातून दोन्ही बाजूंना लहान फासा काढायचा, समोरची लेस त्यातून ओढायची आणि मग गाठ मारायची. टाच मागे अडकून राहते.

नवे बूट घेतले की शहाबादीचा एक तुकडा विटेवर टेकवून तिरका ठेवा, वर पाणी आणि चिमूटभर माती टाका आणि कुणाचा तरी हात धरून त्यावर उभे राहा. दुकानातल्या गुळगुळीत टाइलवर चार पावले टाकून जे कळत नाही ते इथे दहा सेकंदांत कळते.

नागपूर म्हणजे पोळपाट. सेमिनरी हिल्सचा चढ सुरू होतो न होतो तोच संपतो. साडेतीन हजार मीटर आणायचे कुठून, भाऊ?
– एक वाचक, मानेवाडा

चढाची काळजी आहे तेवढी करू नका. चढ चालतच चढायचा असतो, आणि तो जिन्यावर तयार होतो. आपल्या लोकांची शर्यत मोडते ती उतारावर.

आधी हिशेब. एक मजला साधारण ३ मीटर धरा. दहा मजली इमारत म्हणजे ३० मीटर. सतरा फेऱ्यांत ५०० मीटरच्या वर चढाई होते. वर जायला तीन मिनिटे, उतरायला दोन, म्हणजे दीड तासाचे काम. ५०० मीटरच का? मियो गाव समुद्रसपाटीपासून साधारण ३७० मीटरवर आहे आणि भोवतालची पठारे ८०० मीटर आणि त्याहून वर. म्हणजे घळीतून पठारावर येणारा एकेक चढ ४०० ते ५०० मीटरचा. हिमालयासारखा एकच अजस्र चढ इथे नाही. चढा, पठारावर पळा, खाली उतरा, पुन्हा चढा, असे दिवसभर चालते. ज्याला चढून आल्याबरोबर पळायला लागता येत नाही, तो पठारावर वेळ घालवतो. म्हणून जिन्याच्या सत्रानंतर बूट न काढता ३ ते ५ किलोमीटर सपाट रस्त्यावर पळून या. ट्रेडमिल असेल तर १५ टक्के चढावर ४ किलोमीटर चालणे म्हणजे सुमारे ६०० मीटर.

लिफ्टने खाली येऊ नका. बरेच जण गुडघे जपायचे म्हणून तेच करतात आणि नेमका हवा असलेला व्यायाम सोडतात. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच वजन पेलतो, त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणे २४ ते ७२ तासांत शिगेला पोचते. मात्र एकदा असा मार बसला की तोच स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला बराच निबर होतो. सरावाचा सगळा डाव या एका गोष्टीवर आहे. १६ आठवडे हातात धरा. पहिले चार आठवडे आठवड्याला ५०० ते ६०० मीटर चढ-उतार, पुढचे चार १,००० पर्यंत, त्यानंतरचे पाच १,५०० ते २,०००. मोठ्या उताराचे शेवटचे सत्र शर्यतीआधी साधारण दोन आठवडे. त्यानंतर जिन्याला हात लावू नका. जिन्यावर उतरताना एकेक पायरी, कठड्याला हात न लावता, पाय शरीराच्या खाली पडेल असा. दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरू नका.

जिना सरळ असतो, डोंगर नसतो. म्हणून महिन्यातून एक शनिवार-रविवार बाहेर काढाच. रामटेकची गडावरची वाट जवळची, दगड पुरेसा वेडावाकडा, सकाळी जाऊन दुपारी परत. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट लांब आणि एकसारखा, पण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत जंगलवाटांवर पळायला जायचे नाही, गाडीरस्त्यावरच राहायचे. सर्वांत उत्तम पचमढी. चौरागडाच्या हजाराहून जास्त पायऱ्या खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारे, नागपंचमीला नागद्वारची वाट तुडवणारे विदर्भातले भाविक या शर्यतीसाठी निम्मे तयारच असतात. पळणाऱ्याने गर्दीचे दिवस मात्र टाळावेत.

चुनखडीवरच सराव हवा म्हणून गडचांदूर-वणीकडे जायचा विचार करत असाल तर जाऊ नका. दगड तोच, पण प्रदेश सपाट आणि खाणींचा.

मॅरेथॉन साडेचार तासांत होते. ८० किलोमीटरला किती वेळ धरू?
– एक वाचक, सक्करदरा

डोंगरी शर्यतीत १०० मीटर चढाई म्हणजे एक जादा किलोमीटर असा हिशेब करतात. ८० अधिक ३५ म्हणजे ११५ ‘श्रम-किलोमीटर’. तुमचा सपाटीचा वेग किलोमीटरला ६.४ मिनिटे. इतक्या लांब अंतराला तो टिकत नाही. खडकाळ वाट, थकवा आणि थांबे मिळून ३० टक्के वाढवा, म्हणजे ८.३ मिनिटे. ११५ गुणिले ८.३ म्हणजे ९५५ मिनिटे, सोळा तासांच्या जरा आत. हा आकडा त्या वर्षीच्या नियमावलीतल्या कट-ऑफशेजारी, म्हणजे शर्यत संपवायच्या कमाल वेळेशेजारी, ठेवा. दोन्हींत किमान एक तासाचे अंतर नसेल तर त्याच महोत्सवातली छोटी शर्यत घ्या. त्यात कमीपणा काही नाही, दगड आणि घळी त्याच आहेत.

पहिल्या दहा किलोमीटरमध्ये सगळेच जोरात निघतात. अंधार, गर्दी आणि थंडी असते, त्यात आपला वेग जाणवत नाही. घड्याळावर नाडी बघा. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येत नसेल तर तुम्ही वेगात आहात.

बाटलीत किती पाणी घ्यायचे? वाटेत ओढे-नाले भरता येतील ना?
– एक वाचक, जरीपटका

नाही. ऑक्टोबर असूनही पठारावर वाहते पाणी नसते आणि त्याचे कारण पुन्हा चुनखडीच. पाऊस पडला की पाणी भेगांतून थेट आत उतरते, दगडाच्या पोटातून वाहते आणि घळीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. वर राहते ती कोरडी माळरानी जमीन. मधूनच दगडांनी बांधलेली उथळ गोल तळी दिसतात, त्यांना ‘लावोन्य’ म्हणतात. ती मेंढ्यांसाठी बांधलेली आहेत, त्यातले पाणी तुम्ही पिऊ नका.

किती न्यायचे ते वरच्या हिशेबातूनच काढा. समजा दोन एड स्टेशनांमध्ये, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या थांब्यांमध्ये, १८ किलोमीटर आणि ७०० मीटर चढ आहे. म्हणजे २५ श्रम-किलोमीटर, ८.३ च्या वेगाने जवळपास साडेतीन तास. तासाला ४५० मिलिलिटर धरले तर १.६ लिटर. दोन ५०० मिलिलिटरच्या मऊ बाटल्या पुढे आणि पाठीवर एक लिटरची पिशवी, एवढे पुरते. सगळी पिशवी काठोकाठ भरून निघू नका. १ लिटर म्हणजे १ किलो, आणि तो चढावर तुम्हालाच न्यायचा असतो.

इथे नागपूरकरांची उलटी चूक होते. आपल्याला ऑक्टोबर हिटची सवय. घरी तासभर पळण्याआधी आणि नंतर कपडे काढून वजन केले तर किलोभर फरक दिसतो, म्हणजे लिटरभर घाम. तिकडे सकाळी पारा दहाच्या खाली असू शकतो आणि घाम निम्म्यावर येतो. तरी सवयीने लिटरभर पाणी पीत राहिले की रक्तातले सोडियम पातळ होते. अंगठी बोटात रुतायला लागणे, मळमळ, डोके जड, वजन वाढणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी आणखी पाणी पिऊ नका, काही खारट खा आणि एड स्टेशनवरच्या वैद्यकीय पथकाला सांगा. गोंधळल्यासारखे वाटू लागले तर पुढे जायचेच नाही. एरवी तहान लागेल तसे प्या.

मी शुद्ध शाकाहारी आहे. एड स्टेशनवर काय मिळेल? इथून संत्रा बर्फी आणि संत्री नेली तर?
– एक वाचिका, महाल

संत्री नेता येणार नाहीत. युरोपीय संघात बाहेरून ताजी फळे न्यायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून सूट फक्त केळी, अननस, नारळ, ड्युरियन आणि खजूर यांना. मांस आणि दूध यांचे पदार्थही प्रवाशांना नेता येत नाहीत, म्हणून खव्याची बर्फी, पेढे, तुपातले लाडू घरीच ठेवा. खजूर, राजगिऱ्याची आणि शेंगदाण्याची चिक्की, पाकीटबंद जेल, मीठ-साखर हे चालते.

एड स्टेशनवर साधारणपणे केळी, संत्र्याच्या फोडी (तिकडच्या!), सुकामेवा, पाव, चॉकलेट, चीज, सॉसेज, कोला आणि गरम सूप असते. सूप मांसाच्या अर्काचे असू शकते, विचारल्याशिवाय घेऊ नका. चीजबद्दलही सांगायला हवे. मियोच्या जवळच रोकफोर गाव आहे, चुनखडीच्या गुहांत मुरवलेल्या मेंढीच्या दुधाच्या निळ्या चीजसाठी जगप्रसिद्ध. त्यात दूध गोठवायला वापरले जाणारे रेनेट प्राण्याच्या जठरातून काढलेले असते. कडक शाकाहार असेल तर ते तुमच्यासाठी नाही.

आता प्रमाण. तासाला ६० ग्रॅम कर्बोदके हे लक्ष्य ठेवा. एका मध्यम खजुरात ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे नुसत्या खजुरावर राहायचे तर तासाला दहा. तीन तासांत पोट बंड करेल. मिसळून घ्या: ५०० मिलिलिटर पाण्यात ३० ग्रॅम साखर, १ ग्रॅम मीठ आणि अर्धे लिंबू, हे तासाभरात संपवायचे, वर तीन खजूर आणि एक छोटी राजगिरा वडी. १ ग्रॅम मिठात सुमारे ३९० मिलिग्रॅम सोडियम असते, थंड हवेत तासाला तेवढे बहुतेकांना पुरते. मीठ चमच्याने मोजू नका, सपाट लहान चमचाच ६ ग्रॅमचा असतो. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या आणि घरूनच साखर-मिठाच्या पुड्या बांधा. शेंगदाण्याची चिक्की पहिल्या चार-पाच तासांतच खा. तिच्यातल्या तेलामुळे ती पोटातून हळू पुढे सरकते.

पोटालाही सराव लागतो. आठ आठवडे आधीपासून लांब पळताना तासाला ३० ग्रॅमने सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवा.

थंडीसाठी काय? आणि दिवा किती तास लागेल?
– एक वाचक, हिंगणा रोड

मुख्य शर्यत पहाटे अंधारात सुटते. तिकडे त्या दिवसांत सूर्य सकाळी आठनंतर उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. सोळा तासांचा हिशेब असेल तर दोन्ही टोकांना अंधार आहे. हेडलॅम्प २०० ल्युमेनवर किमान पाच तास चालणारा घ्या, शिवाय जादा बॅटरी. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून ती बाहेरच्या खिशात न ठेवता अंगाजवळ ठेवा.

गावापासून पठारापर्यंतच्या ५०० मीटर उंचीने पारा तीनेक अंशच उतरतो. खरा त्रास वाऱ्याचा. झाडीतून चढताना अंगातला कपडा घामाने चिंब होतो, आणि पठाराच्या कडेवर पाय ठेवताक्षणी उघडा वारा लागतो. जॅकेट वर पोचल्यावर घालायचे नसते, शेवटच्या शंभर मीटर चढात, झाडीच्या आडोशाला थांबून घालायचे. वर गेल्यावर बोटे आखडतात आणि चेन ओढता येत नाही. आतला कपडा सुती नको. पातळ हातमोजे, कानटोपी, शिट्टी आणि चंदेरी आपत्कालीन चादर पिशवीत असू द्या, नियमावली मागो न मागो.

उतारावर गुडघा दुखतो. आधीच एक गोळी घेऊन निघालो तर चालेल का?
– एक वाचक, धरमपेठ

नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची औषधे मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. दिवसभराचा घाम, स्नायूंची झीज आणि वरून गोळी, असे तिहेरी ओझे मूत्रपिंडावर पडते. दुखणे दबले की घोटा मुरगळल्याचेही कळत नाही. जनावरांना दिलेल्या याच डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडे संपत आली आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घालावी लागली. मियोजवळच्या जोंत नदीच्या घळीत १९८१ पासून गिधाडे पुन्हा सोडली गेली, आज कड्यांवर ती आरामात घिरट्या घालताना दिसतात.

गुडघ्याचे दुखणे बहुतेक वेळा लांब पावलांमुळे असते. उतारावर पाऊल अर्धे करा आणि पावलांची संख्या वाढवा. दुखणे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला असेल आणि पळायला लागल्यावर ठरावीक अंतरानेच उठत असेल तर शर्यतीच्या तीन महिने आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

काठ्या न्याव्यात का? कागदपत्रे कोणती?
– एक वाचिका, प्रतापनगर

आधी तुमच्या शर्यतीची नियमावली पाहा, काही शर्यतींत काठ्यांना मनाई असते. परवानगी असेल तर न्या, घडीच्या. विमानात चेक-इनच्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीत अडतात. सुटल्यावर गर्दी पांगेपर्यंत त्या उघडू नका, मागच्याच्या पोटरीत टोक जाते. चुनखडीच्या भेगेत टोक अडकले आणि तुम्ही पुढे गेलात तर काठी मोडते, म्हणून खडकाळ उतारावर मनगटाच्या पट्ट्यातून हात काढून घ्या.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. जुलैतच करा, उन्हाळी गर्दीत तारखा मिळत नाहीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, आणि त्यात डोंगरी शर्यत वगळलेली नाही हे बारीक अक्षरांत वाचून घ्या. पासपोर्ट परतीनंतर तीन महिने वैध हवा. फ्रान्समधल्या धावण्याच्या शर्यतींना पूर्वी डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागे. आता क्रीडा महासंघाचा परवाना नसलेल्या प्रौढ धावपटूंनी तिथल्या ॲथलेटिक्स महासंघाच्या संकेतस्थळावर आरोग्यविषयक टप्पे पूर्ण करून ‘पीपीएस’ हा दाखला काढायचा असतो. त्याचा क्रमांक नोंदणीत भरा आणि छापील प्रत सोबत ठेवा.

मियोला सर्वांत सोयीचा विमानतळ माँपेलिएचा, तिथून रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटर. शर्यतीच्या दोन दिवस आधी तरी पोचा. घड्याळ साडेतीन तास मागे गेलेले असते, त्यामुळे पहिले दोन दिवस पहाटे तीनलाच जाग येते. पहाटेच्या शर्यतीला ती सोयीचीच. रात्री नऊला झोपा आणि ती सवय मोडू नका.